बाबांनी एआयला प्रश्न विचारणं बंद केलं, पाण्यापायी

शाळेतली बाई

नमस्कार मंडळी. मी वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माहेर तिथून जवळच आहे. बाबांची साडेचार एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तूर.

मागच्या वर्षी मीच त्यांच्या फोनमध्ये चॅटबॉट टाकून दिला. टाइप करणं जमत नाही म्हणून ते बोलून विचारतात. आधी बुजायचे, मग रोज संध्याकाळी ओसरीत बसून एक-दोन प्रश्न ठरलेलेच. "पानं लाल होऊन राह्यली, काऊन?" "तुरीत मर आली त काय कराव?" उत्तर आलं की मला फोन लावून ऐकवायचे आणि त्यातलं किती धरायचं ते आम्ही दोघं मिळून ठरवायचो. आई गेल्यापासून बाबा इतकं कोणाशीच बोलत नव्हते, म्हणून मला त्याचं फार बरं वाटायचं.

पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी एकदम बंद केलं. विचारलं तर म्हणाले, "एका सवालामागं बाटलीभर पानी लागते म्हने त्याले. पोरानं रील दाखोली. आपल्या गावात नळ चौथ्या दिवशी येते. आपल्यापायी दुसऱ्या कोन्या गावचं पानी जाऊन राह्यलं असन, त नोको बाप्पा."

माझी आजी डोक्यावर गुंड घेऊन दीड कोस चालायची आणि बाबा लहानपणी तिच्या मागे मागे जायचे. अशा माणसाला "काही होत नाही, विचारा" असं मोघम सांगणं माझ्याच्याने झालं नाही. वर्गातही आठवीच्या मुलीने तोच प्रश्न केला. तिच्या घरी उन्हाळ्यात टँकर येतो.

इथे वीज खात्यातले, संगणकातले, शेतीतले लोक आहेत. मला खरा हिशोब सांगा. मी तो बाबांनाही सांगणार आहे आणि फळ्यावरही लिहिणार आहे.

जुना वायरमन

बाई, तुमच्या बाबांना माझा रामराम सांगा. दुसऱ्या गावच्या पाण्याची फिकीर करणारा माणूस आजकाल भेटत नाही.

पाण्याचं जाणकार सांगतील, मी विजेचं सांगतो, कारण ३४ वर्षं खांबावर काढली. चॅटजीपीटीच्या कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी जून २०२५ मध्ये एका सरासरी प्रश्नाला ०.३४ वॅट-तास वीज लागते असं लिहिलं. गुगलने ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांच्या जेमिनी या चॅटबॉटवरच्या मधल्या आकाराच्या लेखी प्रश्नाला ०.२४ वॅट-तास सांगितले. आपण सोयीसाठी ०.३ धरू. घरातला साधा छताचा पंखा ७५ वॅटचा असतो. म्हणजे एक प्रश्न आणि पंधरा सेकंद पंखा सारखेच झाले.

आता वावरात या. पाच एचपीची मोटर तासाला पावणेचार युनिट तरी खाते, आणि एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास. तेवढ्या विजेत दहा ते पंधरा हजार प्रश्न होतात. बाबा रोज दोन प्रश्न विचारतात म्हटल्यावर एका तासाच्या मोटरीची वीज संपवायला त्यांना किमान चौदा-पंधरा वर्षं लागतील. विजेपायी त्यांनी मनाला लावून घेऊ नये.

वर्धेकाठची

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. आमच्या बचत गटात ही रील सगळ्यांकडे फिरली. दोघींनी तर ॲपच काढून टाकलं.

घणसोलीचा वऱ्हाडी

मी मूळचा दारव्ह्याजवळचा, आता नवी मुंबईत एका डेटा सेंटरमध्ये कूलिंगचं काम पाहतो. कंपनीचं नाव सांगता येणार नाही, पण आत काय चालतं ते सांगतो.

चॅटबॉट फोनमध्ये नसतो. आपला प्रश्न तारेतून एखाद्या मोठ्या इमारतीत जातो. तिथे कपाटांच्या रांगा आणि कपाटांत संगणक. एआयसाठी लागणारी एकेक चिप ७०० वॅट किंवा त्याहूनही जास्त वीज घेते, आणि घेतलेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. एका कपाटात अशा बऱ्याच चिपा बसवलेल्या असतात. कपाटाच्या मागच्या बाजूने गेलं की मे महिन्यात दुपारी दोन वाजता यवतमाळच्या स्टँडवर उतरल्यासारखी झळ लागते. ती उष्णता बाहेर काढली नाही तर यंत्रं आपोआप बंद पडतात.

बाहेर कशी काढतात ते विदर्भातल्या माणसाला मुंबईकरापेक्षा लवकर कळेल, कारण आपल्या प्रत्येकाच्या खिडकीत कूलर आहे. कूलरच्या ताट्यांवर पाणी पडतं, पंखा हवा ओढतो, पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ते उष्णता घेऊन जातं. रात्री टाकी भरली तरी सकाळी तळ दिसतो. पाणी सांडलेलं नसतं, उडून गेलेलं असतं. मोठ्या डेटा सेंटरच्या कूलिंग टॉवरमध्ये हेच होतं. ताट्यांवर जसा पांढरा क्षार चढतो, तसा तिथेही चढतो, म्हणून उरलेलं खारट पाणी मधूनमधून सोडून देऊन ताजं भरावं लागतं. पाणी लागतं ते इथे.

पण सगळीकडे टॉवर नसतात. काही ठिकाणी बंद नळ्यांतून तेच ते पाणी फिरतं आणि एसीसारख्या यंत्राने थंड होतं. त्यात पाणी जवळजवळ संपत नाही, मात्र वीज जास्त लागते. दमट हवेत कूलर चालत नाही हे आपल्याला माहीतच आहे, समुद्राकाठी टॉवरलाही तीच अडचण. पाणी वाचवायला जावं तर वीज वाढते, वीज वाचवावी तर पाणी. आमचं निम्मं काम या ओढाताणीतच जातं.

ताळेबंद

मी सहकारी पतसंस्थांचे हिशोब तपासतो. कंपनीने स्वतः दिलेला आकडा तपासल्याशिवाय खाली सही करायची नाही अशी सवय आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी ती बाटली. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड केंद्रातले प्राध्यापक शाओलेई रेन आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये हिशोब मांडला की जीपीटी-३ या मॉडेलची (मॉडेल म्हणजे चॅटबॉटच्या मागे उत्तर तयार करणारा प्रोग्राम) मध्यम लांबीची १० ते ५० उत्तरं अर्धा लिटर पाणी पितात. डेटा सेंटर कुठे आहे आणि हवामान कसं आहे यावर नेमकी संख्या अवलंबून. पुढे २०२४ मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्राने त्याच मंडळींच्या मदतीने १०० शब्दांच्या एका ईमेलमागे ५१९ मिलीलिटर असा आकडा छापला. रीलमधली बाटली बहुधा यातूनच आली. त्यात वीज तयार करताना लागणारं पाणीही धरलेलं होतं.

आता गुगलचा २०२५ चा आकडा पाहा. एका प्रश्नाला ०.२६ मिलीलिटर, म्हणजे पाच थेंब. बाटली आणि पाच थेंब यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मॉडेल आणि चिपा सुधारल्या हे एक कारण आहेच, पण दुसरं कारण हिशोबाच्या वहीत आहे. गुगलने फक्त स्वतःच्या आवारात उडालेलं पाणी मोजलं. वीज केंद्रात त्या विजेसाठी लागलेलं पाणी त्यात नाही. मॉडेल शिकवण्याचा खर्चही नाही. ऑल्टमन यांनी तर साधारण एक तृतीयांश मिलीलिटर पाणी सांगितलं आणि ते कसं मोजलं ते लिहिलंच नाही.

मिस्त्राल या फ्रेंच कंपनीने जुलै २०२५ मध्ये त्यांच्या मोठ्या मॉडेलचा पूर्ण जीवनचक्राच्या पद्धतीने, म्हणजे यंत्रं बनवण्यापासून वापरापर्यंत सगळं धरून, हिशोब दिला. साधारण पानभर उत्तराला ४५ मिलीलिटर पाणी आणि १.१४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. मॉडेल शिकवणं आणि दीड वर्षाचा वापर मिळून २ लाख ८१ हजार घनमीटर पाणी, म्हणजे २८ कोटी लिटर. एकाच धंद्यातल्या दोन कंपन्यांच्या आकड्यांत दीडशे पटींहून जास्त फरक पडतो, कारण प्रत्येकाची वही वेगळी. पतसंस्थेने असा ताळेबंद दिला असता तर मी परत पाठवला असता. हिशोब कसा मांडायचा याचा एकच नियम असावा आणि तो कंपन्यांनी ठरवू नये, ही माझी पहिली मागणी आहे.

जुना वायरमन

ताळेबंद साहेबांनी बरोबर जागी बोट ठेवलं. वीज केंद्राचं पाणी धरा. आपल्याकडे पर्यावरण मंत्रालयाने २०१५ मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांना मर्यादा घातली ती एका युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची. त्या मापाने ०.३ वॅट-तासाला एक मिलीलिटर पडते. म्हणजे वीस थेंब. गुगलचे पाच थेंब डेटा सेंटरमध्ये आणि हे वीस थेंब तिथून लांब, कोळशाच्या केंद्रापाशी.

बाई, फळ्यावर पंचवीस थेंब लिहा. आपल्या कोळशाच्या विजेवर चालणाऱ्या एका लेखी प्रश्नासाठी तेवढं धरायला हरकत नाही.

राखेच्या गावचा

"तिथून लांब" हे वाचून थांबलो. ते लांब म्हणजे माझं गाव आहे.

चंद्रपूर जिल्हा. गावापासून पाच किलोमीटरवर औष्णिक केंद्र, नाव घेत नाही. सकाळी पाण्याच्या पिपावरचं झाकण उचललं की त्यावर बोटांचे ठसे उमटतात, इतकी राख रात्रीतून बसलेली असते. माझ्या आईने अंगणात पापड वाळत घालणं सोडलं त्याला बारा वर्षं झाली. कापूस फुटला की बोंडावर करडी झाक येते, खरेदीच्या काट्यावर व्यापारी मुठीत घेतो, झटकतो आणि भाव पाडतो. आम्ही काही बोलू शकत नाही, कारण झटकल्यावर राख दिसतेच.

एक युनिट वीज करायला सुमारे ७०० ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. आपल्या कोळशात तिसरा हिस्सा राख. प्रत्येक युनिटमागे पाव किलोच्या आसपास राख या जमिनीवर राहते आणि वीज निघून जाते. चंद्रपूर २९२० मेगावॅट, तिरोडा ३३००, मौदा २३२०, त्याशिवाय कोराडी, खापरखेडा, पारस, नांदगावपेठ. विदर्भाचा नकाशा घेऊन बसा आणि मोजा. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटलं तेव्हा चंद्रपूरचे वीजनिर्मिती संच बंद ठेवावे लागले होते. पाण्यावाचून वीज नाही हे त्या वर्षी सगळ्यांनी पाहिलं.

बाईंच्या बाबांवर माझा काडीचाही राग नाही. त्यांनी विचारावं. पण "पाच थेंब" एवढंच सांगून हा विषय कोणी मिटवत असेल तर मला ते सहन होत नाही.

ठाण्याहून

सगळ्यांच्या भावना समजतात, पण प्रमाण सुटतंय असं वाटतं. जगातल्या सगळ्या डेटा सेंटरांनी मिळून २०२४ मध्ये जगाच्या विजेच्या दीड टक्का वीज वापरली, असं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था सांगते. त्यातही एआय हा एक भाग. एसी, गाड्या, सिमेंट, पोलाद यांच्यापुढे हे किरकोळ आहे. शेतकऱ्याच्या हाती पहिल्यांदा मोफत सल्लागार आला आणि आपण त्याला थेंब मोजायला लावतोय. हे मला अन्यायाचं वाटतं.

ताळेबंद

शेवटचं वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे. मात्र त्याच संस्थेचा पुढचा आकडाही मांडू या. २०२४ मध्ये ४१५ टेरावॅट-तास, म्हणजे ४१,५०० कोटी युनिट. २०३० पर्यंत हे दुपटीहून वाढून ९४५ होईल असा त्यांचा अंदाज, आणि जपान देश आज वापरतो त्याहून ते थोडं जास्त. वाढीचं मुख्य कारण त्यांनी एआय दिलं आहे.

चॅटजीपीटीवर दिवसाला २५० कोटी प्रश्न येतात असं कंपनीने २०२५ मध्ये सांगितलं. ऑल्टमन यांच्याच मापाने रोज साडेआठ लाख युनिट झाले, म्हणजे दिवसरात्र सुमारे ३५ मेगावॅट. चंद्रपूरच्या २९२० पुढे हे खरोखर लहान आहे. पाणी त्यांच्या मापाने रोज ८ लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे ८० टँकर. वायरमनकाकांच्या मापाने वीज केंद्राचं धरलं तर त्यावर आणखी ३०० टँकर. साऱ्या जगाला वाटून टाकले तर काहीच नाहीत. एका तालुक्यातून उचलले तर तो तालुका कोरडा पडेल. म्हणून मी एकूण टक्क्यापेक्षा "कुठून उचलणार" हे आधी विचारतो.

आणि लेखी प्रश्नांची बेरीज इतकी लहान असेल, तर एवढी नवी डेटा सेंटरं कशासाठी उभी राहतायत, हाही प्रश्न आहे. मॉडेल शिकवणं, चित्रं, व्हिडिओ, आणि न मागता प्रत्येक ॲपमध्ये घातलेलं एआय.

राखेच्या गावचा

ठाण्याचे दादा, एसी आणि गाड्यांबद्दलही मी बोलतो, आज विषय हा आहे. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची उच्चदाब लाइन आहे, १९९९ पासून. पडघा तुमच्याच जिल्ह्यात आहे.

जुना वायरमन

ती लाइन मी उभी राहताना पाहिली आहे. १५०० मेगावॅटची, डीसी. मात्र एक गोष्ट सांगणं माझं काम आहे. ग्रिडमध्ये वीज मिसळते. नदीत दहा नाले आले की कोणत्या नाल्याचं पाणी कोणत्या घड्यात गेलं हे सांगता येत नाही, तसंच आहे. शिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तर कदाचित सिंगापुरात नाहीतर अमेरिकेत तयार होत असेल. तरी देशातल्या डेटा सेंटरांची निम्म्याच्या आसपास क्षमता मुंबई-नवी मुंबईत आहे आणि ती वाढतच चालली. मागणी तिथे वाढली की इकडचा जुना संच बंद करायची तारीख पुढे सरकते, ही भीती खरी आहे.

ताळेबंद

कार्बनचंही तसंच आहे. गुगल म्हणतं एका प्रश्नाला ०.०३ ग्रॅम. तोच प्रश्न आपल्या ग्रिडवर चालला तर, केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या मापाने युनिटमागे ०.७३ किलो धरून, ०.१७ ग्रॅमच्या वर जातो. जवळपास सहापट. आपली वीज जास्त करून कोळशाची हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे कंपनी जगात दुसरीकडे विकत घेतलेली स्वच्छ वीज या हिशोबातून वजा करते. राखेच्या गावचे दादा, तुमच्या पिपावरची राख त्या वजाबाकीने कमी होत नाही.

फ्लेक्सवाला

मी तालुक्याच्या ठिकाणी डिजिटल बॅनरचं दुकान चालवतो. पोळ्याला माझ्याकडून एकट्याने चाळीसेक व्हिडिओ बनले असतील. बैलजोडी ढगांतून येते, साहेबांचा चेहरा, खाली शुभेच्छा. एकाला पाच वेळा तरी बदल करून हवे असतात, कारण कधी बैलाला पाच पाय येतात, कधी शिंगं उलटी. आता निवडणुका तोंडावर आल्या की हे दसपट होईल.

धागा वाचून विचारतो, व्हिडिओला किती लागते? माझा धंदा आहे, पण माहीत असलेलं बरं.

घणसोलीचा वऱ्हाडी

भाऊ, विचारलंत हे फार चांगलं केलंत. अमेरिकेतल्या एका तंत्रज्ञान मासिकाने मे २०२५ मध्ये खुली मॉडेलं स्वतः चालवून मापलं. पाच सेकंदांच्या एका व्हिडिओला ३४ लाख ज्यूल, म्हणजे जवळजवळ एक युनिट. एका चित्राला एका वॅट-तासाच्या आसपास. प्रत्येक मॉडेलचं वेगळं असेल, पण अंदाज येतो.

पाच सेकंदांचा एक व्हिडिओ आणि तीन हजार लेखी प्रश्न एका तागडीत बसतात. बैलाचा पाचवा पाय काढायला पुन्हा बनवला की पुन्हा तेवढेच.

राखेच्या गावचा

म्हणजे एका व्हिडिओला पाव किलो राख.

फ्लेक्सवाला

हे मी दुकानात सांगीन. गिऱ्हाइकाला आधी साधं चित्र दाखवून मजकूर, चेहरा, रंग सगळं पक्कं करून घ्यायचं आणि शेवटी एकदाच व्हिडिओ काढायचा, असं करता येईल. माझाही वेळ वाचेल. बंद करतो म्हणणार नाही, दोन पोरं कामाला आहेत.

बोंडअळी

कृषी पदवीधर आहे, राळेगाव भागात काम करतो. इतका वेळ सगळे खर्चाचं बोलले, मी मिळकतीचं बोलतो. बाबांचा प्रश्न शेतीचा आहे आणि तिथे पाण्याचा हिशोब वेगळाच लागतो.

कपाशीच्या एका फवारणीला एकरी सुमारे २०० लिटर पाणी लागतं. १५ लिटरचे तेरा-चौदा पंप. साडेचार एकरांना ९०० लिटर. आता गुलाबी बोंडअळीचं पाहा. हेक्टरी पाच कामगंध सापळे (वासाने नर पतंग ओढणारे) लावायचे आणि सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-दहा पतंग आले किंवा फुला-बोंडांत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त कीड दिसली तरच औषध घ्यायचं, अशी शिफारस आहे. पण शेजाऱ्याने मारलं की आपणही मारायचं ही गावोगावची रीत. कोणी वेळेवर "आधी सापळे मोजा, डोमकळ्या (अळीने मिटवलेली फुलं) तोडून नष्ट करा" एवढं सांगितलं आणि एक फवारणी टळली, तर ९०० लिटर पाणी वाचलं. पंचवीस थेंबांच्या हिशोबाने सात लाखांच्या वर प्रश्न होतात. औषधाचा खर्च आणि अंगावर उडणारं विष हे तर मी मोजलंच नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. त्या वर्षी मी दवाखान्यात डोळ्यांवर ओल्या पट्ट्या ठेवून झोपलेली माणसं पाहिली आहेत. त्यानंतर चुकीच्या सल्ल्याला मी साधी चूक म्हणत नाही.

म्हणून बाई, उत्तर बरोबर असणं सगळ्यात मोठं. चॅटबॉट कधीकधी औषधाचं प्रमाण ठामपणे चुकीचं सांगतो. औषधाचं नाव आणि मात्रा नेहमी डब्यावरच्या पत्रकावरून आणि कृषी सहायकाकडून पडताळून घ्या. राज्याच्या कृषी विभागाचं महाविस्तार ॲप मे २०२५ मध्ये आलं, त्यातही मराठीत प्रश्न विचारता येतात. शेतीसाठी आधी ते वापरून बघा.

वर्धेकाठची

मराठीत विचारलं तर जास्त वीज लागते असं कोणीतरी म्हणालं. खरं आहे का?

घणसोलीचा वऱ्हाडी

ताई, काही अंशी. ही यंत्रं वाक्याचे तुकडे करून वाचतात आणि तुकडे जितके जास्त तितकं काम जास्त. आधीच्या पद्धतीत देवनागरीचे फार बारीक तुकडे पडायचे. चॅटजीपीटीच्या कंपनीने मे २०२४ मध्ये नवी पद्धत आणली तेव्हा नमुन्याचं एक मराठी वाक्य दिलं होतं. जुन्या पद्धतीत त्याचे ९६ तुकडे पडत होते, नव्या पद्धतीत ३३. इंग्रजीत तेच वाक्य २४ तुकड्यांत बसतं. म्हणजे अंतर बरंच कमी झालं, पूर्ण मिटलं नाही. हे अंतर मिटवणं इंजिनिअरांचं काम आहे. बाबांनी त्यापायी इंग्रजी शिकायची गरज नाही.

आणखी एक सांगतो. नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला दिलं जातं. केंद्राला जमतं तर डेटा सेंटरलाही जमायला हवं. परवानगी देतानाच "पिण्याचं पाणी नाही, शुद्ध केलेलं सांडपाणी" अशी अट घातली आणि दर महिन्याचा पाण्या-विजेचा आकडा दारावर लावायला सांगितला, तर आमच्यासारख्या आत काम करणाऱ्यांनाही वरिष्ठांसमोर बोलायला जोर येईल.

जुना वायरमन

दिवसाची वीज हाही मुद्दा घ्या. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. शेतीचा फीडर, म्हणजे मोटरींना वीज देणारी लाइन, सौरवर गेला तिथे शेतकरी दिवसा ओलीत करतो, रात्री विंचवा-काट्यात जावं लागत नाही. शेतकऱ्याची मोटर सूर्यावर चालवायचं आपण मनावर घेतलं. या मोठ्या कंपन्यांनी तर स्वतःच्या पैशाने नवी सौर वीज उभारून मगच जोडणी मागावी. जुन्या कोळशावर भार टाकून कागदावर वजाबाकी नको.

शाळेतली बाई

सगळ्यांचे हात जोडून आभार. तीन दिवस लिहू शकले नाही, कारण हे सगळं वर्गात घेतलं.

औषधाच्या ड्रॉपरने पंचवीस थेंब एका चमच्यात टाकले. चमच्याचा तळ जेमतेम झाकला. मुलं चमचा हातोहात फिरवून बघत होती. मग तीच मुलगी, टँकरवाली, म्हणाली की आपल्या हौदाचा नळ गळतो, तो मोजू. घड्याळ लावून मोजला तर मिनिटाला चाळीस थेंब. दिवसाचे ५७,६०० थेंब, जवळजवळ तीन लिटर. तेवढ्यात तेवीसशे प्रश्न झाले असते. दुपारच्या सुटीत दोन पोरांनी दुकानातून वायसर आणून नळ नीट केला. मग फळ्याच्या दुसऱ्या अर्ध्यात व्हिडिओचा हिशोब लिहिला आणि वाटीत पाव किलो चुलीची राख मोजून ठेवली. राखेची वाटी हातात घेतल्यावर वर्ग गप्प झाला.

रविवारी बाबांकडे गेले. हा धागा त्यांना पहिल्यापासून वाचून दाखवला, दीड तास लागला. सापळ्यांचं ऐकून ते उठून वावरात गेले आणि परत येऊन म्हणाले, "चार पतंग हायेत. नाई मारत." शेजारच्यांनी परवाच फवारलं, तरी नाही.

संध्याकाळी ओसरीत बसले आणि फोन हातात घेतला. मला वाटलं तुरीचं विचारतील. त्यांनी विचारलं, "वीजघराची राख कापसाच्या बोंडावर बसते, त्याले काय उपाय?" उत्तर आलं ते सगळं मोघम, पानं धुवा, तज्ज्ञांना विचारा. बाबांनी फोन खाली ठेवला आणि मला म्हणाले, त्या चंद्रपूरवाल्या पोराले विचार, थे वेचनी कोन्या टायमाले करतेत.

राखेच्या गावचा

बाई, बाबांना सांगा, दव वाळल्यावर वेचतो. दहानंतर. ओल्या बोंडाला राख चिकटून बसते, वाळलेल्याची निम्मी तरी झटकता येते. आणि वेचलेला कापूस उघड्यावर न ठेवता लगेच जुन्या लुगड्यात बांधतो. यंदाचा पहिला वेचा पुढच्या आठवड्यात आहे, तेव्हा फोटो टाकतो.